घाडींचं गाऱ्हाणं

प्रिय अनय आणि रेवा,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर रेवाने विचारलं, "आजी, घाडीआजोबा हल्ली मध्येच येऊन ओरडत का नाहीत?" मी तोंड उघडायच्या आत तुमच्या बाबाने सांगून टाकलं की ते गावी गेलेत. बाबाचा हेतू चांगला होता. पण घाडी गावी गेलेले नाहीत, ते वारले. अनय चौदा वर्षांचा आहे, रेवा अकराची. एवढं कळायला हे वय पुरेसं आहे असं मला वाटतं, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या रविवारच्या मराठीच्या वर्गात जे शब्द शिकवले नसतील ते बाबाला विचारा. घाडींची मालवणी तर त्यालाच वाचून दाखवायला सांगा, त्याला ती उत्तम येते.

मी त्यांचं चरित्र लिहिणार नाही. मला ते पूर्ण ठाऊकही नाही. मुलुंड पूर्वेच्या आमच्या या इमारतीत पहिल्या मजल्यावर समोरासमोरच्या दारांत आम्ही पस्तीसएक वर्षं राहिलो, तेवढेच घाडी मला माहीत आहेत.

त्यांचं नाव जगन्नाथ घाडी. गाव मालवणजवळ. तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत होते. संपानंतर गिरणी सुटली आणि भांडुपच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागले, तिथूनच निवृत्त झाले. गिरणीतल्या मागांच्या आवाजात बोलायची सवय लागलेली, ती शेवटपर्यंत गेली नाही. जिन्यात ते कुणाला "काय, बरा मा?" असं साधं विचारायचे तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची माणसं दार उघडून बाहेर यायची. आमच्या दाराला बेल आहे, पण त्यांनी ती कधी वाजवली नाही. तळहाताने दार बडवायचे. मी एकदा म्हटलं, "घाडी, बेल आहे." ते म्हणाले, "बेल वाजवूक मी काय कुरियरवालो हंय?"

आम्ही शाकाहारी, त्यामुळे सकाळी बाजारातून मासे घेऊन येताना ते आमच्या दारासमोर पिशवी पाठीमागे लपवायचे. लपवून झाली की स्वतःच ओरडायचे, "वैनी, बांगडे हत, नाक धरा!" दुसऱ्या कुणाच्या पिशवीत मासे दिसले तर न विचारता पिशवीत डोकावून निकाल द्यायचे. तळमजल्यावरच्या कदमांना एकदा म्हणाले होते, "ह्या पापलेट नाय, मेल्या, ह्या पापलेटाचा फोटो." कदमांच्या बायकोने ते पापलेट त्यांच्यासमोर शिजवून त्यांना खायला घातलं. खाऊन झाल्यावर बोटं चाटत म्हणाले, "फोटो बरो होतो."

पण इमारतीत ते ओळखले जायचे ते गाऱ्हाण्यासाठी. आपल्या मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. मालवणकडे मात्र देवापुढे उभं राहून, सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात जी विनंती करतात तिला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. एकाने म्हणायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" असा जोर द्यायचा. घाडींच्या घराण्याकडे गावात हे पिढ्यान् पिढ्या होतं. त्यांनी ते मुलुंडला आणलं. कुणी स्कूटर घेतली, कुणाची मुलगी दहावीला बसली, कुणाची किडनी काढली, की खाली गेटपाशी नारळ, विड्याची पानं आणि घाडी.

पाण्याचा नवीन पंप बसवला तेव्हाचं सांगते. पंपाच्या कंपनीचा टाय लावलेला इंजिनिअर बटण दाबायला हात पुढे करून उभा, आणि घाडींनी त्याचा हात धरून बाजूला केला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या मुलुंड गावात, ह्या आमच्या बिल्डिंगीत, जो काय नवीन पंप बसवलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका पाणी खेचूची ताकद दी. चौथ्या माळ्यावर पाणी चढांदे. आणि खालच्या माळ्यावरचे जे कोण बागेक नळी सोडून पेपर वाचत बसतत, तेंका बुद्धी दी रे म्हाराजा!"

तळमजल्यावर बाग असलेले एकटे कुलकर्णीच. सगळ्यांबरोबर त्यांनाही "होय महाराजा" म्हणावं लागलं. तुमचे आजोबा देवबिव न मानणारे, पण त्या दिवशी हसून हसून त्यांना ठसका लागला.

हे गमतीचं झालं. घाडींना स्वतःला मात्र ते गमतीचं नव्हतं. त्यांचे नियम होते. आधी नाव, मग गाव, मग काम. काम म्हणजे नेमकं काय मागायचं आहे ते. मोघम मागणं त्यांना खपायचं नाही.

तुमचा बाबा परदेशी निघाला त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. टॅक्सी खाली उभी होती.

"समीर, नाव म्हायत हा. गाव मुलुंड. काम सांग."

"काका, तिकडे सगळं नीट होऊदे, बस."

"सगळा म्हणजे काय? देवाचा काय किराणा मालाचा दुकान हा? थंय तुझा बस्तान बसांदे म्हणान मागू, काय परत येवांदे म्हणान मागू? दोन्ही एकदम मागूक गावाचा नाय."

समीरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या पासपोर्टच्या पाकिटाची चेन पुन्हा एकदा तपासत होते. तो म्हणाला, "बस्तान बसूदे." घाडींनी तेच मागितलं. ते मिळालं. तुम्ही दोघं तिथे जन्मलात.

आणि खोटं किंवा अर्धवट मागणं तर त्यांना मुळीच चालत नसे. दुसऱ्या मजल्यावरच्या महेश पेडणेकरने भांडुपला स्टेशनरीचं दुकान काढलं. दुकान चालूदे म्हणून घाडींनी गाऱ्हाणं घातलं. त्याच संध्याकाळी मासळीबाजारात त्यांना कळलं की दुकान महेशच्या सख्ख्या मोठ्या भावाच्या स्टेशनरीच्या दुकानाला लागूनच आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे खांद्यावर पंचा टाकून ते महेशचं दार बडवायला गेले.

"चल खाली. कालचा गाऱ्हाणा मागे घेवक व्हया."

"काका, झोपू द्या ना यार. मागे कसं घेणार?"

"अर्ज केलो तो मागे घेता येता. तू देवाक अर्धा सांगलंस. डॉक्टराक असा अर्धा सांगशीत? पोटात दुखता आणि सांगशीत गुडघो दुखता म्हणान?"

दूधवाल्याला साक्षीला ठेवून त्यांनी ते गाऱ्हाणं मागे घेतलं. महेश कित्येक महिने त्यांच्याशी बोलत नव्हता. घाडींना त्याचं काही नव्हतं.

आणखी एक नियम होता. स्वतःसाठी स्वतः गाऱ्हाणं घालायचं नाही. मुलाच्या लग्नाच्या वेळी, बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी गावाहून चुलतभावाला बोलावून घेतलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आपल्यासाठी आपल्या तोंडान मागला तर ती भीक. दुसऱ्यान मागला तर ता गाऱ्हाणा."

आता आजाराकडे येते.

गेल्या होळीनंतर एक दिवस सुलभा, म्हणजे घाडींची बायको, माझ्याकडे येऊन सोफ्याच्या कडेला बसली. म्हणाली, "वैनी, ह्यांनी आज बांगडो ताटात तसोच ठेवल्यानी." एवढंच. मग तिने पदराने तोंड झाकलं. तिला माझ्याआधी कळलं होतं.

तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतात पसरलेला. मी तीस वर्षं औषधांच्या कंपनीत पत्रव्यवहाराचं काम केलं, त्यामुळे इमारतीतले सगळे आपापले रिपोर्ट माझ्याकडेच आणतात. घाडींचा मुलगा नंदू मला डॉक्टरांच्या केबिनमध्येही घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते, वागायला सभ्य, पण इंग्रजी फार भराभर बोलत. नंदू ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्यासारखा शेवटपर्यंत मान हलवत होता. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "मावशी, ते पॅलिएटिव्ह पॅलिएटिव्ह म्हणत होते, ते काय?"

मी सांगितलं. की ही केमो बरं करण्यासाठी नाही. आजार थोडा रोखून धरण्यासाठी आहे. वर्षभर मिळालं तर पुष्कळ.

तो पार्किंगचं कुपन हातात धरून बाकावर बसला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, कपाळावर आठ्या, केस पांढरे व्हायला लागलेले. मग म्हणाला, "पप्पांना यातलं नका सांगू. सहा डोस घेतले की बरे होणार, असं सांगू या. ते हाय खातील."

"नंदू, कॅन्सर आहे हे सांगणार ना?"

"ते सांगतो. पण लवकर सापडला असं सांगतो."

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा आजार त्याच्या मुलांच्या ताब्यात असतो. आजारी माणसाला फक्त पथ्य सांगतात. मी नंदूला एवढंच म्हटलं, "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर खोटं बोलणार नाही." तो म्हणाला, "ते तुम्हाला कशाला विचारतील?"

पहिल्या केमोच्या दिवशी सकाळी गेटपाशी सगळी इमारत जमली होती. नारळ कदमांनी आणला होता. कुलकर्णी पुढे आले. "घाडी, आज तुमच्यासाठी आम्ही म्हणतो. चुकलं तर सांभाळून घ्या."

घाडी गाडीत बसता बसता थांबले. "काय मागतलास?"

"म्हणजे काय? तुम्ही बरे व्हावं!"

"थांबा. आधी माका समजांदे काय मागूचा ता."

नंदू चिडला. "पप्पा, लोक कामं टाकून थांबलेत."

"नारळ काय नासणारो नाय. संध्याकाळी फोडा."

गाडीत ते माझ्याकडे वळून हळू आवाजात बोलले, म्हणजे घाडींच्या मानाने हळू. "वैनी, नंदू माझ्याशी भांडना नाय. पंधरा दीस झाले. टीव्हीचो रिमोटसुद्धा हातात आणून देता. तेव्हाच माका वास इलो." नंदू पुढे ड्रायव्हरशेजारी होता. त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

केमोची खोली चौथ्या मजल्यावर होती. सलूनमध्ये असतात तशा, मागे रेलता येणाऱ्या मोठ्या खुर्च्यांची रांग. प्रत्येक खुर्चीजवळ सलाईनचा स्टँड आणि त्यावर एक छोटं यंत्र, थेंब मोजणारं. ए.सी. इतका की सगळे शाली पांघरून. खिडकीतून हायवे आणि त्यापलीकडे येऊरचे डोंगर दिसत होते. टीव्ही चालू होता, आवाज बंद. शेजारच्या खुर्चीत डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई डब्यातून इडली खात होत्या. त्यांनी घाडींना विचारलं, "पहिलंच का?" घाडींनी मान हलवली. "पहिलं सोपं जातं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा इडली खायला लागल्या.

सुलभाला गुडघ्यांमुळे घरीच ठेवलं होतं. पेशंटजवळ एकालाच बसू देत, म्हणून नंदू आणि मी आळीपाळीने बसत होतो. शीर सापडेना. सिस्टर केरळच्या होत्या, बिंदू नावाच्या. दोनदा टोचलं, शीर सरकली. तिसऱ्यांदा त्या हात चोळत बसल्या तेव्हा घाडी म्हणाले, "सिस्टर, सावकाश. हमारे मिल में नया आदमी टूटा हुआ धागा ऐसाच ढूंढता था."

"मिला क्या फिर?"

"मिलता था ना. पण तब तक मुकादम आके गाली देता था."

सिस्टर हसल्या आणि शीर सापडली. आधी उलटीचं औषध, मग साधं सलाईन, मग खरं औषध. प्रत्येक पिशवी लावण्याआधी दोन सिस्टर येत आणि एक विचारी, "नाम बोलो अंकल. पूरा नाम. जन्मतारीख." दुसरी पिशवीवरचं नाव वाचून बघे. तिसऱ्या वेळेला मला वाटलं घाडी वैतागतील. ते उलट खूश झाले. मला म्हणाले, "बघलास? नाव बरोबर इचारतत. देवळात ठेवूक व्हई हिका."

औषधाच्या पिशवीला उजेड लागू नये म्हणून गडद आवरण होतं. थेंब पडायला लागले. नंदूला खाली औषधांच्या काउंटरवर बोलावलं होतं, रांग मोठी होती. मी सुडोकू काढलं होतं.

"वैनी, एक इचारू?"

"विचारा."

"डॉक्टर तुमच्याशी इंग्लिशमधी काय बोललो?"

मी पेन्सिल खाली ठेवली. "नंदूने काय सांगितलंय?"

"नंदून सांगला ता माका पाठ हा. सहा डोस, मगे मी बरो. लवकर गावला म्हणे. माका तुमी सांगा."

"तुम्हाला खरंच हवंय ते?"

"मगे? संध्याकाळी ती सगळी नारळ घेवन उभी रवतली. मागूचा काय ता ठरवूक नको? खोटा मागला तर ता खंय पोचतला?"

मी सांगितलं. वाक्यं लहान ठेवली, त्यांना मध्ये थांबवता यावं म्हणून. त्यांनी थांबवलं नाही. यकृताचं सांगितलं तेव्हा त्यांनी शालीवरून हात आपल्या उजव्या बरगडीखाली ठेवला, तिथेच आहे ना हे बघितल्यासारखा.

"म्हणजे ह्या औषध बरा करूक नाय."

"नाही."

"मगे कित्याक?"

"वेळ मिळावा म्हणून."

"कितको?"

"डॉक्टर वर्ष म्हणाले. कमीही असेल. त्यांनाही नक्की सांगता येत नाही."

ते थेंबांकडे बघत राहिले. शेजारच्या बाईंनी डबा बंद करून डोळे मिटले होते. मग घाडी बोलले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता, मला पुढे वाकावं लागलं.

"तेवढ्या वेळात मी काय करूचा?"

मी उत्तर शोधायला लागले होते, तुमची नावं मनात आली, सण आले, नंदूच्या मुलीची बारावी आली. पण ते माझ्याशी बोलत नव्हतेच. ते त्यांचं काम करत होते. नाव होतं, गाव होतं, तिसरी गोष्ट शोधत होते.

"दुखाचा नाय असा मागू?"

"मागता येईल."

"तेच्यासाठी गोळयो हत. देवाक कित्याक सांगूचा?" मग, "लवकर सुटांदे असा मागू? नंदूच्या तोंडासमोर कोण म्हणात ता?" मग, "सुलभा माझ्या आधी..." तिथे थांबले आणि स्वतःच मान हलवून ते पुसून टाकलं. "नाय. ता मागूचा नाय."

यंत्र वाजलं. बिंदू सिस्टर आल्या, बटण दाबून गेल्या.

"वैनी, जल्मभर लोकांक दरडावलंय, काम सांगा म्हणान. आज माका कोणी इचारल्यान तर माझ्याकडे कामच नाय."

मी त्यांच्या पायांवरची शाल नीट केली. माझ्याने तेवढंच झालं. त्यांनी डोळे मिटून घेतले, झोपले नव्हते.

नंदू चहाचा कागदी कप घेऊन आला, घामाघूम. "काय पप्पा, कसं वाटतंय? पहिला तर झालाच जवळजवळ!"

घाडींनी डोळे उघडले. "झकास," ते म्हणाले.

संध्याकाळी गाडी गेटात शिरली तेव्हा सगळे पुन्हा उभे होते. सुलभा खुर्ची टाकून बसली होती. कुलकर्णींनी सकाळपासून पाठ केलेलं दिसत होतं. शुद्ध पुणेरी मराठीत त्यांनी सुरुवात केली. "हे देवा महाराजा! आज जे आमचे जगन्नाथ घाडी, राहणार मुलुंड, मूळ गाव मालवण तालुका..."

"होय महाराजा!"

"त्यांचा पहिला डोस निर्विघ्न झालेला आहे..."

"होय महाराजा!"

"उरलेले पाचही असेच होऊन ते पूर्ण बरे होऊ देत. त्यांचा आजार मुळापासून जाऊ दे महाराजा!"

सगळे ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज नंदूचा होता. मी घाडींकडे पाहिलं. ज्यांनी महेशला पहाटे अंथरुणातून उठवलं होतं ते घाडी गाडीच्या दाराला धरून उभे होते, हाताच्या पाठीवर कापसाची चिकटपट्टी. आता हे हात वर करतील, थांबा म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी नंदूकडे पाहिलं. नंदूने डोळे गच्च मिटले होते, हात जोडले होते, आणि लहानपणी गणपतीत ओरडायचा तसा बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

घाडी म्हणाले, "व्हय म्हाराजा." आवाज फुटलाच नाही, मला ओठांवरून कळलं.

मी गाडीतली फाइल आणि शाल उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात त्यांनी मला गाठलं. कठड्याला धरून उभे होते. "वैनी, कालचा ता रवांदे. मागे घेव नको."

"घाडी, तुम्हीच तर म्हणायचात..."

"ता गाऱ्हाणा माझा नाय. झिलाचा हा. त्याना आपल्या बापासाठी मागल्यान. ता खोटा नाय."

त्यापुढे या विषयावर ते माझ्याशी आपणहून कधी बोलले नाहीत. नंदूशी तर नाहीच.

पहिल्या डोसनंतरचे दोन दिवस बरे गेले, मग सगळं एकदम आलं. उलट्या, तोंडात फोड, जेवणाच्या वासानेच नको नको होणं. सुलभा पेज करून वाटी हातात धरून बसायची, वाटी गार व्हायची. त्या औषधाने थंड काही सोसत नाही. साधं नळाचं पाणी लागलं तरी बोटांना टाचण्या टोचल्यासारखं होई. दार बडवणं बंद झालं. ते यायचे तेव्हा दाराबाहेर नुसते उभे राहायचे. माझं लक्ष गेलं तर ठीक, नाहीतर परत जायचे. वजन इतकं उतरलं की शर्टाच्या कॉलरमध्ये मान एकीकडे आणि कॉलर एकीकडे.

दुसऱ्या डोसनंतर मी एकदा स्पष्ट विचारलं. सुलभा आत होती. "घाडी, हे थांबवायचं का? थांबवता येतं. मी नंदूशी बोलते."

त्यांनी आतल्या दाराकडे बघून घेतलं. "आणि तेका काय सांगशात?"

"खरं ते."

"तेका खरा म्हायत हा, वैनी. डॉक्टरान तेका सांगला, तुमी तेका सांगलास. तेका ता नको हा." मग श्वास घेऊन म्हणाले, "तो दर डोसाक रजा काढता. माझ्यावांगडा बसता. लहान असताना कधी बसलो नाय इतको बसता. मी नको म्हटलंय तर तो काय करीत?"

मला त्या वेळी राग आला, नंदूचा नव्हे, कुणाचा ते सांगता येणार नाही. हा माणूस शरीरात विष घेत होता, ते त्याला बरं करणार नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या मुलाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आणि दर तीन आठवड्यांनी आम्ही सगळे त्याला गाडीत बसवून देत होतो. मी औषध कंपनीत तीस वर्षं होते. मला आकडे वाचता येतात. तरी मला त्यांना थांबवता आलं नाही, कारण त्यांनाच ते थांबवायचं नव्हतं. आणि त्यांना थांबवायचं का नव्हतं, ते मला पुरतं समजत होतं. आईबापांना समजतंच.

तिसऱ्या डोसनंतर जंतुसंसर्ग झाला आणि ते रुग्णालयातून घरी आले नाहीत. मी तिथे गेले नाही. अतिदक्षता विभागात फक्त नंदूला सोडत होते. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या तिसऱ्या डोसला निघतानाच.

मे महिना होता. सकाळीच इतकं तापलं होतं की खालची कुत्रीसुद्धा गाड्यांच्या खाली शिरली होती. गेटपाशी आता कुणी जमत नसे. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. घाडी गाडीच्या मागच्या सीटवर आडवे बसले होते, पाय बाहेर. नंदू ऑफिसच्या कपड्यांत रस्त्यावर गुडघे टेकून त्यांच्या पायांत लोकरीचे मोजे चढवत होता, रुग्णालयातल्या ए.सी.साठी. पाय सुजले होते, मोजा टाचेपाशी अडत होता. नंदू तो परत काढी, बोटांपर्यंत गुंडाळी आणि पुन्हा चढवी. घाडींनी तोल जाऊ नये म्हणून एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला होता.

"हा झाला की निम्मे झाले, पप्पा," नंदू खाली बघतच म्हणाला.

"निम्मे झाले!" घाडी म्हणाले. कुठून तो आवाज काढला देव जाणे, चौथ्या मजल्यापर्यंत गेला. तिसऱ्या मजल्यावरचं एक दारही उघडलं.

दुसरा मोजा चढला. नंदू उठला नाही. घाडींनीही हात काढला नाही. ड्रायव्हरने हॉर्नवर ठेवलेला हात मागे घेतला, आणि त्या उन्हात थोडा वेळ ते दोघे तसेच राहिले.

तुमची आजी